रात्रीचं जेवण चहा-खारीवर का येतं?

प्रश्न थोडक्यात असा: आई 74 वर्षांची, कराडला दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. वडील दीड वर्षापूर्वी गेले. तिला मधुमेह आणि रक्तदाब आहे, दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत. तोंडात कवळी आहे, गुडघे दुखतात. आठ महिन्यांत वजन 52 वरून 47 किलोवर आलं. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी एक पोळी, भाजी, थोडा वरण-भात आणि रात्री चहा-खारी, एवढंच ती घेते. पुण्याहून डबे भरून नेले तर ते फ्रिजमध्ये पडून राहतात. कोणती प्रोटीन पावडर द्यावी, आणि जेवायला तिला कसं पटवावं?

पावडरचं पुढे सांगते. आधी पटवण्याबद्दल. घरी राहणाऱ्या वयस्क माणसांचा आहार पाहताना मी "काय खाता?" हे नंतर विचारते. "हल्ली काय खायचं सोडलंत आणि कधीपासून?" हे आधी विचारते. सोडलेल्या प्रत्येक पदार्थामागे कारण असतं: दुखणं, भीती, कष्ट, नाहीतर कुणीतरी सांगितलेलं पथ्य. ते कारण तसंच ठेवून नुसता आग्रह केला की माणूस फोनवर "हो, जेवले" म्हणतो आणि रात्री पुन्हा खारीच खातो.

मात्र स्वयंपाकघराकडे वळण्याआधी डॉक्टरांकडे जा. सहा महिन्यांत वजन आपोआप पाच टक्क्यांनी कमी झालं तर त्याची तपासणी व्हायला हवी. 52 किलोचे पाच टक्के म्हणजे अडीच किलोच्या थोडं वर. तुमच्या आईंचं आठ महिन्यांत पाच किलो गेलं आहे. वयामुळे असं होतं, असं म्हणून हे सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं), सोडियम, थायरॉइड आणि बी 12 एवढं तरी तपासून घ्या. वाढलेली साखर, बिघडलेलं थायरॉइड, क्षयरोग, पोटातला आजार, नैराश्य, यातलं काहीही वजन उतरवू शकतं आणि त्यावर धिरडं-लाडू हा उपाय नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर खाली दिलेले प्रथिनांचे आकडेही डॉक्टरांना विचारूनच धरा.

एक गोष्ट आजच पाहा. साखरेच्या गोळीच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असं नाव आहे का? या गोळ्या जेवण होवो न होवो, साखर खाली आणतात. संध्याकाळची गोळी घेऊन वर फक्त चहा-खारी झाली, तर पहाटे साखर फार उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं. वजन पाच किलोंनी उतरल्यावर आणि जेवण निम्म्यावर आल्यावर गोळीचा जुना डोस तसाच चालू ठेवणं धोक्याचं असू शकतं. तो डॉक्टरांनी नव्याने ठरवायला हवा. आपल्या मनाने गोळी बंद मात्र करू नका.

आता त्या खारीकडे जरा जवळून पाहू. खारीला गॅस पेटवावा लागत नाही. चहात बुडवली की मऊ होते, कवळीला त्रास देत नाही. खारट असल्यामुळे मंदावलेल्या जिभेलाही तिची चव लागते. उरली तर डब्यात राहते, टाकून दिल्याचं पाप लागत नाही. घासायला एक कप आणि एक बशी. पोट गच्च होत नाही आणि रात्री उठावं लागेल एवढं पाणीही पोटात जात नाही. आईंच्या पाच-सहा अडचणी ती खारी एका वेळी सोडवते. तिच्या जागी जे काही द्याल, त्याला यातल्या बहुतेक गोष्टी जमल्या पाहिजेत. तुम्ही नेलेल्या डब्यांना त्या जमत नाहीत.

तोंडापासून सुरू करा. दात काढल्यावर जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत राहतं, म्हणून सात-आठ वर्षांपूर्वी नीट बसलेली कवळी पुढे सैल होते. वजन उतरलं की आणखी हलते. मग भाकरीचा कडक पापुद्रा, पेरूच्या बिया, जाडसर दाण्याचं कूट कवळीखाली शिरून टोचतं. माणूस "दुखतं" म्हणत नाही, "नको, भूक नाही" म्हणतो. कवळी काढायला सांगून हिरड्यांवर लाल ठिपके किंवा पांढरा थर आहे का ते उजेडात पाहा. सैल कवळीला दंतवैद्य आतून नवा थर देऊ शकतात, दर वेळी नवी करावी लागत नाही. वरच्या कवळीने टाळू झाकला जातो, त्यामुळे घास कसा आहे हेही नीट कळत नाही. दाण्याचं कूट अगदी बारीक करा, पालेभाजीचे देठ काढून टाका, पोळी गरम असतानाच वरणात कुस्करा. सगळंच मिक्सरमधून काढून लगदा मात्र करू नका. आजारी माणसासारखं जेवण समोर आलं की आधीच मंद झालेली भूक मरते.

पाणी किंवा चहा पिताना वारंवार ठसका लागत असेल, तर तो गिळण्याचा प्रश्न आहे. तिथे घरगुती प्रयोग नकोत.

गोळ्यांचंही पाहायला हवं. मेटफॉर्मिनने काहींना मळमळ होते, तोंडाला धातूसारखी चव येते, आणि वर्षानुवर्षं घेतल्यावर बी 12 कमी होऊ शकतं. शाकाहारी घरात ही शक्यता जास्त. सर्दी-अॅलर्जीच्या आणि झोपेसाठी दिलेल्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. कोरड्या तोंडात पोळीचा घास फिरत राहतो. लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठता होते आणि चहाबरोबर घेतली तर ती अंगीही नीट लागत नाही. डॉक्टरांना "जेवण जात नाही" एवढंच सांगू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून न्या, आयुर्वेदिक आणि शेजारणीने दिलेल्याही.

पुढचा मुद्दा घरचे लोक सहसा विचारत नाहीत आणि आई आपण होऊन सांगत नाहीत: संडास. गुडघे दुखत असताना भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं म्हणजे शिक्षा. कमी खाल्लं की कमी वेळा जावं लागतं, हा हिशेब अनेक बायका मनातल्या मनात करून बसलेल्या असतात. रात्रीच्या लघवीचंही तसंच. संध्याकाळी सहानंतर आमटी, ताक, पाणी सगळं बंद, कारण अंधारात उठताना पडण्याची भीती. पाणी कमी म्हणून बद्धकोष्ठता, बद्धकोष्ठता म्हणून पोट गच्च, पोट गच्च म्हणून रात्री जेवण नको. इथे औषधांच्या दुकानात मिळणारी कमोडची खुर्ची, भिंतीला पकडायला दांडा आणि पलंगापासून संडासापर्यंत एक मंद दिवा कोणत्याही पावडरपेक्षा जास्त काम करतो. दिवसाचं बहुतेक पाणी, ताक, सार संध्याकाळी पाचच्या आत संपेल असं बघा. रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे एच किंवा सीटी अक्षरं असतील, तर तिच्यात बहुतेक वेळा लघवी वाढवणारं औषध असतं. ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

त्याच गोळीमुळे मिठाचाही विचार करावा लागतो. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, ही मर्यादा बरोबर आहे. घराघरात होतं असं की वरण-भाजी अळणी केली जाते आणि खारी, बिस्किटं, पापड, लोणचं चालूच राहतं. अळणी जेवण जात नाही, म्हणून खारटाकडे हात जातो. उलट करा: वरण-भाजीत माफक मीठ घाला, खारी-पापड कमी करा आणि चव लिंबू, कोकम, आलं, जिऱ्याची फोडणी, कोथिंबीर यांनी वाढवा. वयाबरोबर वास कळणं कमी होतं, आणि जेवणाच्या चवीत वासाचा वाटा मोठा असतो. म्हणून ताजी फोडणी जेवणाआधी पाच मिनिटं घातलेली बरी. मीठ एकदम बंद करणं आणि त्यावर लघवीची गोळी, यातून सोडियम खाली जाऊ शकतं, आणि त्याचं पहिलं लक्षण कधी कधी भूक मरणं हेच असतं.

जुनी पथ्यंही तपासा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी, वजन जास्त असताना, कुणीतरी "भात बंद, तूप बंद, केळं बंद" सांगितलेलं असतं. वजन गेलं तरी पथ्य तसंच राहतं. कवळी असलेल्या माणसाचा भात काढून घेतला तर खाता येण्याजोगं उरतं काय? मऊ भात, त्यावर दाट वरण आणि चमचाभर तूप, हे मधुमेहातही बसवता येतं. फक्त भाताचं माप ठरवून डाळ वाढवायची. चमचाभर तुपाने 45 कॅलरी मिळतात आणि पानात जागाही लागत नाही.

उपासाचं गणित एकदा मांडून बघा. दोन एकादश्या, एक संकष्टी, चार-पाच सोमवार, म्हणजे महिन्यातले सात-आठ दिवस, जवळजवळ पाव महिना. हे उपास मोडायला सांगू नका, त्यात कुणाचंच भलं नाही. उपासाचं पान बदला. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. त्याऐवजी वरई आणि दाण्याची पातळ आमटी, राजगिऱ्याची खीर किंवा थालीपीठ, दूध, दही. वरईचं तयार पीठ दमट हवेत लवकर बिघडतं, म्हणून ती अख्खी आणून निवडून-धुऊन शिजवलेली बरी. आणि उपासाच्या दिवशी साखरेची गोळी कशी घ्यायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

स्वयंपाकघरात जाऊन मी ओटा बघते, मग फडताळ, मग फ्रिज. पाच लिटरचा कुकर वरच्या फळीवर, तूरडाळीचा डबा खाली वाकून ओढावा लागेल असा, लोणच्याच्या बरणीचं झाकण हाताने न उघडणारं आणि बिस्किटांचा डबा मात्र ओट्यावर, हाताशी. मग हातात काय येणार? कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत रोजचं सगळं ठेवा. दोन किंवा तीन लिटरचा कुकर, हलकी कढई, अर्ध्या-अर्ध्या किलोचे डबे, ओट्याजवळ बसून चिरता येईल असं स्टूल. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाच्या घरी दूध, फळं, भाजी येण्याची व्यवस्था कुणा एकाच्या मर्जीवर नको. दूधवाला रोज, भाजीवाला आठवड्यातून दोनदा, असं पक्कं ठरवा.

फ्रिज उघडल्यावर एकच वस्तू चार-चारदा आणलेली दिसली, किंवा कुकर तळाला वरचेवर जळलेला दिसला, तर विसराळूपणाबद्दल डॉक्टरांशी बोला. वास कमी येणाऱ्या माणसाला आंबलेलं वरणही कळत नाही, हेही लक्षात ठेवा.

तुमच्या डब्यांचं काय चुकतं? प्रमाण आणि शिळेपण. अर्धा किलो भाजी एकट्या माणसाला चार दिवस पुरते. ताज्या अन्नाची सवय असलेल्या बाईला दुसऱ्या दिवशीचं ते "शिळं" आहे. ही त्यांची आयुष्यभराची शिस्त आहे, हट्ट नव्हे. म्हणून शिजवलेलं नेण्यापेक्षा शिजवायला सोपं करून न्या. 30 ग्रॅम तांदूळ, 30 ग्रॅम मूगडाळ, चिमूटभर हळद, हिंग, जिरं, अशा छोट्या पुड्या बांधा. एक पुडी, पाचपट पाणी, छोट्या कुकरमध्ये चार शिट्ट्या, वरून तूप. दुसरं, धिरड्याचं पीठ: तीन भाग मूगडाळ, एक भाग तांदूळ, दोन्ही किंचित भाजून बारीक दळलेलं. 40 ग्रॅम पिठात साधारण 100 मिलिलिटर पाणी, मीठ, जिरं, दहा मिनिटं भिजू द्यायचं. दोन मऊ धिरडी होतात. तिसरं, डाळं बारीक दळून त्याची पूड. ताकात दोन मोठे चमचे घातली की चहाच्या वेळचं पोटभर पेय होतं. मेतकूट तर आहेच: मऊ भात, मेतकूट, तूप.

आता आकडे. प्रौढ माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरेशी, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशीत आहे. उतारवयात स्नायू टिकवण्यासाठी, मूत्रपिंडं ठीक असतील तर, तज्ज्ञ 1 ते 1.2 ग्रॅम धरतात. म्हणजे आईंना रोज सुमारे 50 ग्रॅम. तुम्ही लिहिलेल्या जेवणातून 18 ते 20 ग्रॅमच्या वर मिळत नाहीत.

हे अंतर असं भरता येतं. सकाळी दोन धिरड्यांतून 8 ग्रॅम. चालत असेल तर एका अंड्यातून 6. दुपारचं वरण 10-12 ग्रॅम डाळीचं पातळ पाणी न करता 30 ग्रॅम डाळीचं दाट करा, 7 ग्रॅम. चार वाजता डाळ्याची पूड घातलेलं ताक, सुमारे 7. रात्री सातला खिचडी, 9 ग्रॅम, किंवा खिचडी नकोच असेल त्या दिवशी कपभर दुधात तीन सपाट चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर घालून त्यात पोळी कुस्करा, 11 ते 12. याशिवाय पोळी, भात, चहातलं दूध. एवढं जमलं तर 45 ते 50 पर्यंत पोचता. हे सगळं एका आठवड्यात बदलू नका. पहिले दहा दिवस फक्त सकाळ आणि चारची वेळ सांभाळा. उतारवयात पोट लवकर भरतं आणि उशिरा रिकामं होतं, म्हणून दोन मोठी जेवणं करण्यापेक्षा पाच छोटी बरी. सकाळी भूक सगळ्यात चांगली असते, तो वेळ बिस्किटांवर घालवू नये.

पावडर वाईट नाही. कवळी दुरुस्त होईपर्यंत किंवा आजारपणात तिचा उपयोग होतो. डबा घेताना 100 ग्रॅममागे प्रथिनं किती आणि साखर किती, हे दोन आकडे वाचा. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत 100 ग्रॅममागे सुमारे 35 ग्रॅम प्रथिनं असतात. त्याहून कमी प्रथिनं आणि वर साखर असलेल्या डब्याला तिप्पट पैसे देण्यात अर्थ नाही. आणि ती जेवणाआधी देऊ नका, नाहीतर पुढचं जेवण जातच नाही.

राहिला एकटेपणाचा भाग. पन्नास वर्षं ज्या बाईने दुसऱ्यांना आधी वाढलं, तिला एकटीसाठी पान मांडणं कठीण जातं. "एकटीसाठी काय करायचं" हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं. दीड वर्षात ते दुःख ओसरलेलं असेलच असं नाही. झोप, रडू, कशातच मन नसणं, याबद्दलही डॉक्टरांशी बोला. फोनवर "जेवलीस का?" विचारू नका, त्याचं उत्तर "हो" हेच येतं. दुपारी एक वाजता तुम्ही तुमचा डबा उघडा, फोन समोर ठेवा आणि बोलत बोलत दोघं जेवा. शेजारच्या कुणाबरोबर आठवड्यातून दोन दुपारी एकत्र जेवण ठरवा, एकदा इथे, एकदा तिथे. देवाला रोज नैवेद्य दाखवायची रीत असेल तर ती अजिबात कमी करायला लावू नका. त्या निमित्ताने ताजा वरण-भात शिजतो.

स्वयंपाकाला बाई लावायची तर भांडण होतं ते फोडणीवरून आणि तेलावरून. बाईंनी चिरणं, कणीक मळणं, कुकर उचलणं, भांडी आवरणं करावं. फोडणी आणि चव आईंच्या हाती राहू द्या. एका तासाचं काम आहे, पण ते जेवणाच्या जरा आधी ठेवा, म्हणजे पोळी गरम असताना पोटात जाते. डबा लावलात तर पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी बघा: पोळी दुपारपर्यंत वातड होते का, आणि भाजी तिखट असते का. दोन्हींवर डबेवाल्यांशी बोलून मऊ भात-वरण जास्त आणि पोळी कमी, असं करून घेता येतं.

वजन दर रविवारी सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाआधी, एकाच काट्यावर करा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर शिंप्याच्या टेपने महिन्यातून एकदा मोजा. 31 सेंटिमीटरच्या खाली असेल तर स्नायू घटल्याची ती खूण आहे. पायाला सूज असेल तर हे माप धरू नका, आणि अचानक वाढलेल्या वजनाचंही कौतुक करू नका, ते पाणी असू शकतं.

चार आठवड्यांत वजन वाढेलच असं नाही. ते थांबलं तरी गाडी रुळावर आली असं समजा. या काळात आणखी एक किलो गेलं, किंवा चक्कर, उलट्या, गोंधळणं, गिळताना त्रास यातलं काही दिसलं, तर महिना संपायची वाट न बघता वजनाचा कागद आणि गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा.